पीएमपीच्या ऑडिटला फुगवलेल्या अनुभवावर सही मागतायत, तेही घरातूनच. काय करावं?

चाकणची_पीएम

नमस्कार मंडळी. जरा अडचणीत आहे आणि घरात बोलायची सोय नाही कारण प्रकरणच घरातलं आहे.

मी पीएमपी आहे (प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट), चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आयटीचे प्रोजेक्ट्स बघते, ते सर्टिफिकेट देणाऱ्या पीएमआय या संस्थेची मेंबर आहे आणि पुण्यातल्या चॅप्टरच्या कार्यक्रमांना व्हॉलंटियर म्हणूनही जाते. माझ्या जाऊबाईंचा भाऊ आमच्याच कंपनीत आहे आणि गेली काही वर्षं माझ्याच टीममध्ये आहे. पोरगा कामसू आहे, आगाऊ वगैरे अजिबात नाही. त्याने पीएमपीचा अर्ज भरला आणि नेमका ऑडिटला लागला, म्हणजे त्याचा अर्ज पडताळणीसाठी निवडला गेला. आता ज्या प्रोजेक्टचा अनुभव दाखवलाय त्या प्रोजेक्टच्या वरिष्ठाने सही करून द्यायची असते की हो, याने हे काम केलंय. वरिष्ठ कोण, तर मी.

फॉर्म वाचला आणि डोक्याला हात लावला. आमचा ईआरपीचा (अख्ख्या कंपनीचं कामकाज एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) रोलआउट झाला होता त्याबद्दल लिहिलंय की १८ जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, बजेट सांभाळलं, स्टीअरिंग कमिटीला दर महिन्याला रिपोर्ट दिला. अहो ती १८ जणांची टीम माझी होती!! हा इश्यू ट्रॅकरची एक्सेल सांभाळायचा, व्हेंडरच्या पोरांना फोन करून करून पिडायचा, आणि गो-लाइव्हच्या रात्री स्टोअर्समध्ये बारकोड प्रिंटरमध्ये लेबलं अडकत होती ती चिमट्याने काढत बसला होता. ते कामही लागतंच, कमी लेखत नाहीये. पण बजेट? बजेटची शीट उघडायचा ॲक्सेसच त्याला नव्हता.

विचारलं तर म्हणतो, ताई ते क्लासवाल्यांनीच भरून दिलंय, सगळ्या बॅचचं असंच भरतात. आता जाऊबाईंचे फोन सुरू झालेत, सासूबाई म्हणतात एक सही तर करायचीय, तुझं काय जातंय. गणपती तोंडावर आलेत आणि सगळे आमच्याकडेच जमणार आहेत.

तर विचारायचं असं की पीएमआयचा तो जो कोड ऑफ एथिक्स आहे, जो आपण सगळेच परीक्षेचा अर्ज भरताना ॲक्सेप्ट करून पुढे जातो, तो अशा ठिकाणी खरंच लागतो का, लागला तर मला लागतो का त्याला, आणि सही नाकारली तर मग मी त्याची तक्रारसुद्धा करायला बांधील होते का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

---

गँटचार्टवाला

ताई, तुम्हालाही लागतो आणि त्यालाही लागतो. लोकांना वाटतं सर्टिफिकेट हातात पडलं की कोड सुरू. तसं नाहीये. पीएमआयचे मेंबर, मेंबर नसलेले पण सर्टिफिकेट असलेले, व्हॉलंटियर, आणि ज्याने सर्टिफिकेशनसाठी अर्ज केलाय तो, एवढे सगळे त्यात येतात. म्हणजे तुम्ही तीन दारांनी आत आहात आणि तुमचा पाहुणा अर्ज भरला त्या दिवसापासून.

मी स्वतः पीएमपीच्या बॅचेस घेतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सध्याचा कोड २००६ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेला आहे, त्याआधीही वेगवेगळे कोड होतेच. चार गोष्टींवर उभा आहे: जबाबदारी, आदर, न्याय्य वागणूक आणि प्रामाणिकपणा. प्रत्येकात दोन भाग आहेत. एक भाग म्हणजे असं वागायचा प्रयत्न करा, आणि दुसरा म्हणजे हे पाळायलाच पाहिजे, मोडलंत तर कारवाई होऊ शकते. मेख या दुसऱ्या भागात आहे. प्रामाणिकपणाच्या सक्तीच्या भागात नुसतं खोटं बोलू नका एवढंच नाही, तर अर्धसत्य सांगणं, संदर्भ तोडून सांगणं, जी माहिती दिली असती तर आपलं बोलणं खोटं ठरलं असतं ती दाबून ठेवणं हे सगळं धरलंय. आणि असं दुसऱ्याने केलं तर त्याला मान डोलावणंही धरलंय. "१८ जणांच्या टीममध्ये होतो" आणि "१८ जणांच्या टीमचं नेतृत्व केलं" यातला फरक नेमका इथे येतो. खाली तुमची सही आली की ते वाक्य त्याच्याइतकंच तुमचंही झालं.

क्लासवाल्यांचं म्हणाल तर हो, चालतं हे, सर्रास चालतं. प्रोजेक्टच्या वर्णनाचा एकच परिच्छेद अख्ख्या बॅचला वाटतात, बँकेतला असो की बांधकामातला, फक्त कंपनीचं नाव बदलायचं. १०० टक्के पास गॅरंटीच्या जाहिराती करणारे बरेचसे याच वाटेने जातात. मग टेलिग्रामवर खऱ्या परीक्षेतले म्हणून प्रश्न विकत फिरणारे वेगळेच. पोराला बिचाऱ्याला कदाचित ठाऊकही नसेल की फॉर्मवर त्याच्या नावाने काय लिहिलंय, पण सबमिटचं बटण त्यानेच दाबलंय ना.

---

उगाच_आपलं

इथे सगळे हरिश्चंद्राचे अवतार जमलेत वाटतं 😄

ताई करून टाका सही. कोण बघतंय? अमेरिकेतली संस्था, तिला चाकणच्या स्टोअर्समध्ये लेबलं कोणी काढली ते काय कळणार. आणि हे कोडबिड सगळे दाखवायचे दात असतात हो. सत्यम या आयटी कंपनीला २००८ साली उत्तम कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक अवॉर्ड मिळालं होतं, आणि ७ जानेवारी २००९ ला तिचे चेअरमन राजू साहेबांनी स्वतःच पत्र लिहून सांगितलं की हिशोब वर्षानुवर्षं फुगवलेले होते. मग अवॉर्ड काढून घेतलं म्हणे. एवढ्या मोठ्या सुटाबुटातल्या लोकांना कोड कळला नाही आणि तुमच्या त्या पोराने दोन ओळी वाढवल्या तर आभाळ कोसळणार आहे का. मॅनेजमेंट हा काय डॉक्टरकीसारखा धंदा आहे का, उद्या कोणीही उठून मॅनेजर होतो.

---

खडूस_ऑडिटर

@उगाच_आपलं सत्यमचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत, पण अर्धंच सांगितलंत. त्या प्रकरणात ज्या सीएंनी हिशोबावर सह्या केल्या होत्या त्यांना आमच्या इन्स्टिट्यूटने आजन्म बाद केलं. म्हणजे सही करणारा अडकला. पैसे त्यांनी खाल्ले की नाही हा मुद्दा निराळा, सही त्यांची होती.

मी सीए आहे. आमच्याकडे १९४९ चा कायदा आहे, कोणतं वर्तन गैरवर्तन हे त्या कायद्याच्याच परिशिष्टात लिहिलेलं आहे, आणि नाव रजिस्टरवरून गेलं की प्रॅक्टिस बंद, दुकानाला कुलूप. वकिलांचं नाव गेलं की १९६१ च्या कायद्याने प्रॅक्टिस बंद, आणि आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने निदान आर्किटेक्ट म्हणून नाव तरी लावता येत नाही. मॅनेजर लोकांना असा कायदा नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पीएमआयने फार तर सर्टिफिकेट आणि मेंबरशिप काढून घेतली तरी दुसऱ्या दिवशी तो माणूस मॅनेजर म्हणून कामावर जाऊ शकतो. २००८-०९ च्या मंदीनंतर हार्वर्डच्या एमबीएच्या पोरांनी शपथ काढली होती, डॉक्टरांसारखी, की आम्ही नीट वागू. चांगलं आहे, पण शपथ मोडली तर विचारणार कोण? म्हणून मला उलट वाटतं, जिथे कायदा नाही तिथे संघटनेकडे काय उरतं तर तुमचा शब्द. ऑडिटमध्ये पीएमआय कोणाला चाकणला पाठवत नाही, ते ताईंच्या सहीवर विश्वास ठेवतात. ती सही खोटी म्हटल्यावर त्या सर्टिफिकेटात कागदाशिवाय काय राहिलं? आणि त्याच कागदाच्या जोरावर ताईंचा स्वतःचा पगार ठरलेला असणार.

आम्हाला तर २०१९ पासून प्रत्येक सर्टिफिकेटला यूडीआयएन नंबर (त्या कागदाचा वेगळा ओळख क्रमांक) काढावा लागतो, का, तर लोक सीएंच्या नावाने खोट्या सह्या ठोकत होते. आणि तरी अजूनही नातेवाईक घरी येऊन म्हणतात व्हिसासाठी नेटवर्थ सर्टिफिकेट दे की रे, जरा वाढवून दे, तुझं काय जातंय. हे "तुझं काय जातंय" मी इतक्यांदा ऐकलंय. माझं जातं ना, लायसन्स जातं.

आता ताईंना एक खडूस प्रश्न. नातेवाईक तुमच्या हाताखाली कसा आला? कंपनीत सांगितलेलं आहे का? कारण कोडमध्ये हितसंबंधांचा मुद्दा न्याय्य वागणुकीच्या सक्तीच्या भागात आहे. आधी उघड करायचं, आणि संबंधित लोक हो म्हणेपर्यंत त्या निर्णयात पडायचंच नाही. सही खरी असली तरी उद्या कोणी म्हणेल वहिनीबाईंनी घरच्याला सही दिली.

---

चाकणची_पीएम

@खडूस_ऑडिटर रास्त प्रश्न आहे, राग नाही आला. तो जॉइन व्हायच्या आधी मी एचआरला मेल टाकला होता की हा माझा नातेवाईक आहे, इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर मी नव्हते आणि त्याचं अप्रेझल प्लँट हेड करतात, मी फक्त कामाचं इनपुट देते. मेल अजून आहे माझ्याकडे. पण पीएमआयला नातं सांगायचं हे मात्र डोक्यात नव्हतं, ते लिहीन.

@उगाच_आपलं तुमच्यासारखं बोलणारे घरात चार जण आहेत, पाचव्याची गरज नव्हती 😀

---

नाशिकचे_काका

मी सरकारी खात्यातून रिटायर झालेला इंजिनिअर, तुमच्या त्या पीएमपी वगैरेतलं मला फार कळत नाही पण सहीचं चांगलं कळतं. आमच्याकडे मेजरमेंट बुक असायचं, एमबी म्हणायचे. ज्युनियर इंजिनिअरने मोजमाप लिहायचं, त्यावर बिल निघायचं. मुरूम टाकलाय ३० सेंटीमीटर आणि एमबीत ४५, आणि कॉन्ट्रॅक्टर खुर्ची ओढून शेजारी बसलेला, साहेब करा की. भीड भिकेची बहीण हे तिथे शिकलो.

चॅलेंजर यान फुटलं १९८६ साली ते आठवत असेल. आदल्या रात्री थंडीत रबराच्या सीलचं काही खरं नाही म्हणून इंजिनिअर लोक उडवू नका सांगत होते. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या साहेबाने त्यांच्या इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. दुसऱ्या दिवशी सात माणसं गेली. हे चौकशीत सगळं बाहेर आलेलं आहे. मला त्यातलं खटकतं ते असं की मॅनेजरची टोपी घातली की खरं बोलायची सक्ती संपते असं त्या खोलीतल्या साहेब लोकांनी धरूनच चाललं होतं. तुम्हाला आता घरचे म्हणतायत पीएमची टोपी काढ आणि सुनेची घाल.

---

उगाच_आपलं

काका कुठे बारकोड प्रिंटरवरून थेट अवकाशात नेलंत 🙏 पण टोपीचं आवडलं.

---

डब्लिनचा_पांडू

मी आधी हिंजवडीत होतो, आता आयर्लंडमध्ये. मंडळी सगळी सही करू नका करू नका म्हणतायत ते ठीक आहे, पण त्या पोराचं काय करायचं ते कोणी सांगत नाहीये. ताई, सरळ नाही म्हणायच्या आधी एकदा त्याच्याबरोबर बसा, कारण मला शंका येते की त्याच्याकडे खरा अनुभव आहे आणि क्लासवाल्याने त्यावर खोटा चढवलाय.

पीएमआयला तुमचं पद प्रोजेक्ट मॅनेजर असायलाच हवं असं नाहीये. तुम्ही प्रोजेक्टचं काम पुढे होऊन चालवलं का, हे बघतात. चार वर्षांची डिग्री असेल तर ३६ महिन्यांचा अनुभव लागतो आणि एकाच महिन्यात दोन प्रोजेक्ट केले तरी तो महिना एकदाच मोजायचा, इथे बरेच जण घोळ घालतात. आता व्हेंडरच्या लोकांकडून इश्यू सोडवून घेणं, ट्रॅकर चालवणं, कोणता इश्यू आधी हे ठरवणं, यातलं त्याने स्वतः निर्णय घेऊन काय चालवलं आणि तुम्ही सांगितलं म्हणून काय केलं ते वेगळं करा. युजर ट्रेनिंग त्याने एकट्याने लावलं असेल तर ते त्याचंच आहे, लिहू दे की. "१८ जणांचं नेतृत्व" काढा, "बजेट" काढा, आणि जे उरतं ते महिन्यांनी मोजा. ३६ भरले तर अशा वर्णनावर बिनधास्त सही करा. नाही भरले तर सीएपीएम आहे, पीएमआयचंच सुरुवातीच्या पातळीचं सर्टिफिकेट, त्याला प्रोजेक्टचा अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण लागतं, आणि क्लास तर त्याने केलेलाच आहे.

तक्रारीचं म्हणाल तर कोड सांगतो की ठोस पुरावा असेल तरच तक्रार न्या, आणि जो तक्रार करतो त्याचा सूड कोणी घेत असेल तर त्यालाही सोडू नका. इथे पोरगा स्वतःहून दुरुस्त करत असेल तर तुम्हाला तक्रार कसली करायचीय? मात्र त्याने दुसऱ्या कोणाला पकडून त्याच जुन्या वर्णनावर सही मिळवली आणि तुम्हाला ते पक्कं माहीत आहे, तर मग गप्प बसणं अवघड होईल. हे त्याला आधीच तोंडावर सांगा. नंतर कळलं तर नातं जास्त बिघडतं.

आणि घरच्यांना कोड वगैरे सांगत बसू नका, कळणार नाही. एवढंच सांगा की त्याच्या नावावर खोटं पकडलं गेलं तर त्याची परीक्षाच जाईल. हे लगेच कळतं.

---

गँटचार्टवाला

पांडूशेठशी सहमत, फक्त वेळेचं लक्षात ठेवा, ऑडिटची कागदपत्रं द्यायला ९० दिवस असतात, सणासुदीत निघून जातील.

---

चाकणची_पीएम

अपडेट देते, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं.

शनिवारी त्याला ऑफिसात थांबवून घेतलं, घरी नाही बोलावलं, घरी सगळ्यांचे कान असतात. फॉर्मची प्रिंट आणि जुने प्रोजेक्टचे मेल समोर ठेवले आणि म्हटलं प्रत्येक ओळीला मला एक मेल दाखव ज्यात तू हे केलंयस. बजेटच्या ओळीला पाच मिनिटं लॅपटॉपमध्ये शोधत बसला आणि मग स्वतःच पेनाने खोडली. नेतृत्वाची ओळ मात्र सहज सोडेना, म्हणे ताई तुम्ही मॅटर्निटीला होतात तेव्हा व्हेंडरचा रोजचा कॉल कोण घेत होतं? आणि खरं होतं हो ते. पाच जणांचा व्हेंडरचा ग्रुप, रोजचा सकाळचा कॉल, कोणता इश्यू कधी बंद करायचा ते तोच ठरवत होता, मिनिट्स त्याच्या नावाने गेलेत. माझ्या लक्षातच नव्हतं, मला तो अजून प्रिंटरवालाच दिसत होता. ते लिहिलंय आता. युजर ट्रेनिंगही त्याचंच.

पण महिने मोजले तर ३६ भरत नाहीत, बरेच कमी पडतात. दुसरा एक प्रोजेक्ट दाखवलेला त्यातले महिने याच्यावरच चढलेले, पांडू म्हणाले तोच घोळ. तर त्याने पीएमआयला मेल टाकलाय की अर्जातली माहिती बरोबर नाही, मागे घ्यायचाय. क्लासवाल्यांना फोन केला तर ते म्हणे वेडा आहेस का, सही दुसऱ्याची आणून देतो, इतके पैसे दे. तो नको म्हणाला. ते ऐकून मला जरा बरं वाटलं.

सीएपीएमचं अजून ठरलेलं नाही, त्याला वाटतं ते खालचं आहे, मित्रांसमोर कमीपणा वाटतो. नवीन वर्षात एक छोटा प्रोजेक्ट सुरू होतोय, टूल रूमच्या ट्रॅकिंगचा, तो प्लँट हेडना सांगून त्याच्याकडे देता आला तर बघणार आहे. निर्णय त्यांचा, मी फक्त नाव सुचवणार आणि नातं पुन्हा एकदा मेलमध्ये लिहिणार (खडूस साहेबांचा धाक!).

जाऊबाई फोनवर जरा तुटक बोलतायत. मोदक वळायला तरी येतील, तेव्हा बघू.

---

खडूस_ऑडिटर

उत्तम. त्या क्लासवाल्याचं सही विकत आणून देतो म्हटलेलं लेखी असेल तर जपून ठेवा. तक्रार करायची असेल तर ती तिथे करा, पोराची नाही.

---

चाकणची_पीएम

व्हॉट्सॲपवर आहे, रेटसकट. स्क्रीनशॉट घेऊन ठेवायला सांगते त्याला.

---

उगाच_आपलं

बरं आता विषय निघालाच आहे तर एक विचारतो, शिव्या देऊ नका. पीएमपी टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे शिकण्याच्या तासांचे पॉइंट्स, भरावे लागतात ना. आमच्या ऑफिसात लोक वेबिनार म्यूटवर लावून भाजी निवडतात आणि वर एक तासाचा पीडीयू क्लेम करतात. हे पण अर्धसत्यात येतं का?

---

गँटचार्टवाला

येतं. पीडीयूच्या क्लेमचंही ऑडिट होतं, आणि तेव्हा वेबिनारमध्ये काय शिकलात विचारलं तर मेथीची जुडी सांगू नका म्हणजे झालं.